आता डावा पाय

आमच्या सरस्वतीपुरमच्या गल्लीतले एक कानडी शेजारी दर हिवाळ्यात हिमाचलात गोठलेले धबधबे चढायला जातात. मैसुरात बर्फ मिळतो तो उसाच्या रसात. म्हणून सराव बेळगोळजवळच्या जुन्या खाणीत, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी दगडाच्या फटींत अडकवून. कडा दोनमजली घराएवढा, आणि पायथ्याशी रेल्वेचे रूळ. वरच्या झाडाला वळसा घालून आलेल्या दोरीचं एक टोक त्यांच्या कमरेला, दुसरं माझ्या. "तुमचं वजन बघूनच नेतात," असं आमच्या हिचं मत.

चढताना ते सतत स्वतःशी बोलतात. "आता डावा पाय. सरी. आता उजवा. सरी." सरी म्हणजे ठीक. घरचा जिना चढतानाही हेच.

परवा ते निम्म्यावर असताना गाडी आली. कडा थरथरला, बारीक खडे माझ्या डोक्यावर पडले आणि वरचं बोलणं थांबलं. एक कुऱ्हाड फटीतून निसटली होती. ते एका हातावर लोंबकळत होते, खाली डबे धडधडत होते. मी डोळे मिटून दोरी छातीशी आवळली आणि आठवतील तेवढ्या देवांना हाका मारल्या. गाडी संपता संपेना.

मग वरून बारीक आवाज आला, "आता... डावा पाय. सरी."

ते उतरले तरी मी दोरी सोडली नव्हती. "पुढच्या वेळी कुणीतरी धीट माणूस आणा हो," मी म्हणालो.

"अय्यो, नको स्वामी! धीट माणूस गाडी बघत बसला असता."

माझ्या मुठीतली दोरी ते एकेक बोट उलगडून सोडवू लागले. "आता अंगठा. सरी," ते स्वतःशीच म्हणाले.