फाटकापाशी उमटलेले बाण
परवा लांज्याला गाडीचे टायर बदलताना नव्या रबराचा वास आला, दुकानदाराने विचारलं, "सरळ रेघांचे देऊ, चिखलातले ठोकळेवाले, की पाणी फेकणारे बाणाच्या नक्षीचे?" आणि मला कॉलेजच्या शेवटच्या वर्षातली, मे महिन्यातली एक सकाळ आठवली. बाबा हापूसच्या बागेत राखणदार होते; त्या पगारावर माझी फी निघायची. आदल्या संध्याकाळी ते जेवायला घरी आले तेवढ्यात शेडमधले आंब्याचे क्रेट चोरीला गेले होते. फाटकापाशी टाकीचं पाणी सांडून ओल्या झालेल्या लाल मातीत चाकांचे ठसे होते. मालक म्हणाले, "मेव्हण्याचा टेम्पो आणलास ना? दे ती शेडची किल्ली." बाबांनी किल्ली पुढे केली. "नाय वो भाऊ, पोराची शपथ." मी वाकून बघितलं. मामाच्या टेम्पोच्या टायरला सरळ लांब रेघा होत्या. इथे एकामागे एक बाण उमटले होते. "काका, ही टेम्पोची नक्षी नाही," मी म्हणालो. मालकही वाकले. मग त्यांची नजर अंगणातल्या, त्यांच्याच मुलाच्या नव्या गाडीकडे गेली. तिच्या चाकांवर तेच बाण होते. त्यांनी चपलेने ठसे पुसले, किल्ली बाबांच्या हातात परत ठेवली आणि घरात गेले. त्या दिवसापासून बाबा जेवायला निघण्याआधी फाटकातली माती झाडून सपाट करायचे, परतल्यावर नवे ठसे दिसावेत म्हणून. आता बाग सुटली, ते माझ्याकडेच असतात. तरी परवा नवे टायर घालून घरी पोचलो, तेव्हा बाबा आधी दारातल्या मातीकडे वाकले आणि मग मला म्हणाले, "आलास?"