बाळूभाईंच्या हातचा पाच

ज्या डॅशबोर्डकडे बघत तुम्ही रोज गाडी हाकता, तो कोणाच्या हातचा आहे हे कधी विचारलंत? नाही विचारलंत. कंपनीचं नाव तुम्हाला ठाऊक असतं, माणसाचं नसतं.

म्हणून बाळकृष्ण नावाच्या माणसाबद्दल सांगतो. बडोद्यात त्यांना सगळे बाळूभाई म्हणायचे. गोरव्याच्या एका मीटर बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी बावीस वर्षं डायल रंगवले. नेहमीचे डायल छापून यायचे. वेगळ्या मापाचा, एखाद-दुसराच हवा असेल, तर तो बाळूभाईंच्या टेबलावर. काट्यामागची ती पांढरी चकती, तिच्यावरच्या रेघा, आकडे आणि खाली कंपनीचं नाव, सगळं हातानं. स्वतःचं नाव त्यांनी फक्त हजेरीच्या रजिस्टरात लिहिलं.

चौऱ्याण्णव साली कारखान्याला टाळं लागलं. देश खुला झाला म्हणतात ना, त्याच दिवसांत आमचा दरवाजा बंद झाला. मी त्याच कारखान्यात फिटर. गेटसमोर मांडव घालून बसलो त्यात मी पुढे होतो. कायदा मी कोर्टाच्या पायऱ्यांवर शिकलो, तोंड आईकडून आलं. बाळूभाई मांडवात एका कोपऱ्यात बसून आमचे फलक रंगवायचे. अक्षर इतकं देखणं, की लेबर ऑफिसर मागणी वाचायच्या आधी विचारायचा, "हे कोणी काढलं हो?" माझं डोकं फिरायचं. अरे, मागणी वाच ना.

पुढे मांडव उठला. एक फलक मात्र गेटला लटकत राहिला, आणि तो बघूनच सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर उदयसिंहराव बाळूभाईंना शोधत गोत्रीला त्यांच्या घरी आले.

उदयसिंहराव जुन्या सरदार घराण्यातले, पण माणूस ग्रीस लावून घेणारा. रावपुऱ्यामागच्या त्यांच्या बंगल्यात आजोबांची फोर्ड होती, स्वातंत्र्याच्या आधीची. कुठल्याशा अमेरिकन मासिकात फोटो बघून त्यांनी तिचं छप्पर कापून खाली आणलं, मडगार्ड काढले, आत काँटेसाचं इंजिन बसवलं. अशा गाडीला तिकडे हॉट रॉड म्हणतात. आमच्या सोसायटीतली पोरं म्हणाली, "ही अर्धी कोणी खाल्ली?"

सगळं झालं होतं, डॅशबोर्ड नव्हता. मूळचा गंजून गेला होता आणि मधल्या काळात कोणीतरी त्या जागी सनमायकाची फळी ठोकली होती.

"बाहेरून मागवता येईल," उदयसिंहराव म्हणाले, "पण मला इथं केलेला पाहिजे. आणि एक सांगतो. इंग्रजी आकडे नकोत. आकडे आपले पाहिजेत."

"करतो सरकार," बाळूभाई म्हणाले. सरकार म्हणणं माझ्या जिभेला जमत नाही, त्यांना जमायचं. मग म्हणाले, "एक मागू का? स्पीडोमीटरच्या डायलवर, अगदी खाली, माझं नाव टाकीन. बारीक."

उदयसिंहराव हसले. "काम चोख झालं तर टाका. नाही झालं तर मी तो डायल काढून बाहेरचा बसवीन. कबूल?"

"कबूल."

ते गेल्यावर मी म्हणालो, "बाळूभाई, दुसरं काही मागायचं होतंत. नाव काय मागताय?"

"तुला नाही कळायचं," ते म्हणाले. "तुझं नाव पेपरात येतं."

दोन महिने त्यांच्या घराच्या ओटल्यावर काम चाललं. ॲल्युमिनियमचा जाड पत्रा कापून त्यांनी आधी पाच गोल भोकं पाडली. मग ड्रिलमध्ये लाकडाचा दांडा बसवायचा, टोकाला पॉलिशपेपर चिकटवायचा आणि पत्र्यावर टेकवायचा. एक गोल उमटला की अर्ध्या गोलावर दुसरा. असे हजारभर गोल काढल्यावर पत्रा माशाच्या खवल्यांसारखा चमकायला लागला. नीरावहिनी भाकरी थापता थापता आतून ओरडायच्या, "अहो, शेजारची विचारते, थाळ्या बनवायचा धंदा काढलात का? काय सांगू?"

"सांग, सरकारी ऑर्डर आहे."

"सरकारी असती तर चहा तरी पाजला असता कोणी."

स्पीडोमीटर अँबेसेडरचा घेतला होता. पण चाकं वेगळी, गिअर वेगळा, त्यामुळे काटा चक्क खोटं बोलायचा. दुसरा कोणी असता तर तसाच बसवून मोकळा झाला असता. बाळूभाईंनी जुना डायल काढून कोरी पांढरी चकती बसवली आणि आम्हाला शहराबाहेर, पाद्रा गावाच्या रस्त्यावर नेलं. उदयसिंहराव गाडी चालवणार, मी मागे अंग चोरून घड्याळ धरून. एका किलोमीटरच्या दगडापासून दुसऱ्यापर्यंत नव्वद सेकंद लागले, म्हणजे ताशी चाळीस. काटा त्या क्षणी जिथे असेल तिथे बाळूभाई पेन्सिलीनं टिंब द्यायचे. बहात्तर सेकंदांना पन्नास, साठ सेकंदांना साठ. मध्येच म्हैस आडवी आली की पुन्हा पहिल्या दगडापासून.

"बाळकृष्ण, म्हशीचं पण एक टिंब द्या," उदयसिंहराव म्हणायचे.

चार सकाळी आम्ही हेच केलं. आयुष्यात मी इतका मोकळा हसलेला मला आठवत नाही. गार वारा तोंडावर, शेतात तुरी उभ्या, कारखान्याचा विषय कोणाच्या डोक्यात नाही. मग बाळूभाईंनी त्या टिंबांवर खारीच्या केसांच्या ब्रशनं आकडे काढले. दहापासून शंभरपर्यंत. खाली नावापुरती जागा कोरी ठेवली.

उत्तरायणाच्या, म्हणजे संक्रांतीच्या दिवशी डॅशबोर्ड गाडीत बसला. वर आभाळभर पतंग, गच्च्यांवरून "काप्यो छे"च्या आरोळ्या. उदयसिंहराव सारखे आत वाकून बघत होते आणि खूश होते. "आता नाव टाका," असं म्हणायच्या बेतात होते, तेवढ्यात त्यांचे पुण्याचे मेहुणे लक्ष्मीकांत स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

"वा, काय काम आहे," ते म्हणाले. "पण उदय, हे चाळीसच्या पुढे 'प-शून्य' काय आहे? पार्किंग?"

आम्ही सगळे वाकलो. चाळीस होतं, साठ होतं. मध्ये जो पाच होता तो गुजराती होता. मराठी वाचणाऱ्याला तो 'प'च दिसणार. दोन महिने आम्ही तिघं त्या गाडीभोवती होतो आणि एकालाही ते दिसलं नव्हतं.

उदयसिंहरावांचा चेहरा उतरला. पाहुण्यासमोर शोभा झाली. "बाळकृष्ण, मी आपले आकडे म्हटलं होतं."

मी उसळलो. "तुम्ही रोज बघत होतात की. तेव्हा डोळे कुठे होते? पुण्याचा माणूस बोलला म्हणून आता चूक दिसली? नाव द्यायचं नाही तर सरळ..."

"पद्माकर, गप बस," बाळूभाई म्हणाले. मला गप बसवणारा तो एकच माणूस. त्यांचा रंग उडाला होता, पण आवाज नेहमीचाच. "सरकार, चुकलं माझं. टर्पेंटाइननं पुसतो, तासाभराचं काम आहे. फक्त आपला पाच कसा तो एकदा काढून द्या, म्हणजे परत घोटाळा नको."

खरं सांगतो, ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हता.

बॉनेटवर एक फाटका पतंग पडला होता. उदयसिंहरावांनी त्यावर पेन्सिलीनं झटकन पाच काढला. तो 'प' होता. त्यांनी खोडला, पुन्हा काढला. पुन्हा 'प'.

"आणा इकडे," म्हणून मी पेन्सिल घेतली. इतके अर्ज लिहिलेला माणूस मी. माझाही हात तिकडेच वळला.

शेवटी लक्ष्मीकांतांनी गाडीतून उतरून पाच काढला. बाळूभाईंनी तो पतंग उचलून डोळ्यांजवळ धरला.

"हां," ते म्हणाले. "असाच होता. शाळेत बाई पाटीवर असाच गिरवून घ्यायच्या. खाली त्याला काठी असायची." मग जरा हसून म्हणाले, "कारखान्यात पहिल्याच आठवड्यात मी जॉबकार्डावर पाच लिहिला, तर फोरमन म्हणाला, 'आ शुं चीतर्युं छे, भाई?' तेव्हापासून गुजराती लिहायला लागलो. मराठी कधी गेला ते कळलंच नाही."

ते टर्पेंटाइनची बाटली उघडायला लागले. उदयसिंहरावांनी त्यांचा हात धरला.

"राहू द्या."

"चूक आहे सरकार. चुकीखाली नाव कसं टाकू?"

"मी काय सांगितलं होतं? मराठी म्हटलं होतं का? आपले म्हटलं होतं. आपला पाच हाच आहे, हे आत्ताच तिघांनी लिहून दाखवलं."

"अरे, पण हा नव्वदचा नऊही गुजरातीच दिसतोय," लक्ष्मीकांत आत डोकावून म्हणाले.

"दाजी, ही गाडी नव्वदला पोचली तर बघू."

बाळूभाईंनी बाटलीचं बूच परत लावलं. ब्रश घेतला, श्वास धरला आणि कोऱ्या जागेत लिहिलं: 'बाळकृष्ण, बडोदे'. तांदळाच्या दाण्याएवढं एकेक अक्षर. मग मला म्हणाले, "स्कूटर काढ, हिला घेऊन ये."

नीरावहिनी आल्या, वाकून वाचलं. "ह्याच्यासाठी दोन महिने पत्र्याचा चुरा खाल्ला आम्ही," म्हणाल्या आणि मीटरच्या काचेवर बोटाचा डाग होता तो पदरानं पुसला.

त्या गोष्टीला पुष्कळ वर्षं झाली. कारखान्याच्या जागी फ्लॅट उभे आहेत. आमचा खटला आम्ही अर्धा जिंकलो, तोही बाळूभाईंना मोतीबिंदू झाल्यावर. दोन हजार नऊमध्ये ते गेले. बावीस वर्षांत त्यांनी हजारो डायल केले असतील, त्यातल्या एकावरच त्यांचं नाव आहे, आणि तो बडोद्यात नाही. उदयसिंहरावांनी त्याआधीच गाडी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला विकली. त्यानं पुढे कोणाला दिली त्याचा पत्ता नाही. मी फोन केले, भांडलो, कोणी सरळ उत्तर दिलं नाही. मला भीती एवढीच आहे, की कोणी शहाणा नवा मालक तो डायल चुकीचा म्हणून काढून टाकील आणि त्या जागी बाजारचा बसवील.

तेव्हा जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात, एखाद्या गॅरेजात, कुठेही छप्पर कापलेली फोर्ड दिसली, तर कृपा करून आत वाका. चाळीस आणि साठच्या मध्ये 'प' असेल, तर मालकाला सांगा, ती चूक नाही, तिला हात लावू नका. आणि गाडी कुठे आहे ते मला कळवा.