आधी बातमी, मग पाणी

वारज्याहून हडपसरला जायचं म्हणजे पुण्याच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं. सून म्हणाली, "आई, कॅब करून देते." मी म्हटलं, "कॅबवाला ओळखीचा आहे का?" त्या दिवशी माझा कुणावरच विश्वास नव्हता, आणि त्याला कारण होतं.

आदल्या दिवशी हडपसरहून इंदूचा फोन आला होता. "मेमसायब, हवाई दलातनं कुणी बोलत व्हतं. मालकांबद्दल सांगायचंय म्हणाले, पण फोनवर न्हाई. उद्या घरी येतो म्हणाले. तुमी या."

इंदूचे मालक म्हणजे तिचे यजमान, रघुनाथराव. ते मालवाहू विमानावर इंजिनाचं काम बघायचे. एकाहत्तरच्या लढाईत ते विमान उत्तरेच्या डोंगरांत गेलं आणि परत आलंच नाही. घरी शब्द आला तो 'बेपत्ता'. बेपत्ता म्हणजे मेलेला नव्हे, म्हणून इंदूने कुंकू पुसलं नाही आणि सातबाऱ्यावरचं (जमिनीच्या उताऱ्यावरचं) त्यांचं नाव कुणाला काढू दिलं नाही. आता त्या जमिनीच्या तिन्ही बाजूंना टॉवर उभे आहेत आणि मधल्या तुकड्यात इंदू मेथी लावते. रघुनाथराव एकदा कागदावर मेले की हा तुकडा सुटेल, अशी आस लावून बसलेले बिल्डर मला चांगले ठाऊक होते. तेव्हा इतक्या वर्षांनी फोन करणारं हे हवाई दल नेमकं कुणाच्या ऑफिसातून निघालंय ते बघायला मी निघाले. पर्समध्ये भिंग होतं आणि तिखटाची पुडी.

स्वारगेटला बस बदलली.

"हडपसरला जाते का?" मी कंडक्टरला विचारलं.

"पाटीवर काय लिहिलंय?"

"हडपसर लिहिलंय. जाते का, ते विचारतेय."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "बसा आजी."

अर्ध्या वाटेत बस बंद पडली. मी नुसतं कंडक्टरकडे पाहिलं. त्याने तोंड फिरवलं.

दुसरी बस येईपर्यंत रस्त्याकडेला उभी होते. पहिल्यांदा याच रस्त्याने आले होते ती जीपमधून. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आमचे हे हवाई दलात, लोहगावच्या तळावर होते. तेव्हाची रीत अशी की असली बातमी घेऊन अधिकारी एकटा जात नसे. बरोबर कुणा अधिकाऱ्याची बायको असे, घरातल्या बाईला सावरायला. आणि एक गोष्ट मला जीपमध्ये बजावून सांगितली होती: बातमी सांगून होईपर्यंत त्या घरचं पाणीसुद्धा घ्यायचं नाही. पाणी घेतलं की आपण पाहुणे झालो, मग ते शब्द तोंडातून निघत नाहीत.

त्या जीपमधल्या बाईसाहेब काय वर्णाव्यात! कडक खळ केलेली साडी, आणि अंबाडा एवढा उंच की जीपच्या छताला घासत होता. धीराची वाक्यं पाठ करून आलेल्या. इंदूच्या सासूने ताट पुढे केलं, "खाऊन घे पोरी, किती वाळलीयास," की बाईसाहेब मांडी घालून बसल्याच. भाकरी, कोरड्यास (भाकरीशी खायचं कालवण), वर ठेचा. दुसरी भाकरीही मागून घेतली. साहेब दारातून डोळे वटारत होते. मला वाटलं, त्यांनाही भूक लागली असेल. शेवटी त्यांनी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. त्या बाईसाहेब म्हणजे मीच: हात खरकटा, ठेच्याचा ठसका लागलेला, आणि जिला सावरायला मी आले होते ती इंदू माझी पाठ चोळत होती. आमची ओळख झाली ती अशी.

मी पोचले तेव्हा इंदू ओसरीवर मेथीच्या जुड्या बांधत बसली होती.

"बिल्डरची माणसं असतील," मी म्हटलं.

"असूद्यात. बसवू, चहा पाजू, आन् घालवू. भामटा चहा सोडत न्हाई."

थोड्या वेळाने एक पांढरी गाडी आली. गणवेशातला एक अधिकारी उतरला, चाळिशीचा असेल. त्याच्यामागून एक तरुण मुलगी, खळ केलेल्या साडीत. अंबाडा मात्र नव्हता.

मी त्यांना दारातच अडवलं. त्याने ओळखपत्र दिलं. मी भिंग लावून वाचलं आणि म्हटलं, "हल्ली असली छापून मिळतात."

"बरोबर आहे, आजी," तो म्हणाला. "आपण खात्री करून घ्या. आम्ही थांबतो."

हे मला अजिबात आवडलं नाही. लबाड माणूस घाई करतो.

इंदूने दोघांपुढे पाण्याची भांडी ठेवली. "घ्या. उन्हाचं आलाय."

मुलीचे ओठ सुकले होते. तिचा हात भांड्याकडे गेला, मधेच थांबला आणि परत मांडीवर आला. अधिकाऱ्याने तर भांड्याकडे पाहिलंही नाही. "आधी बोलू या का?" तो म्हणाला.

माझ्या हातातलं भिंग मी पर्समध्ये ठेवलं. इंदूकडे पाहायचं धाडस होईना. मी तिच्याजवळ सरकून बसले आणि दोन्ही हातांनी तिचा दंड धरला. हात या वेळी स्वच्छ होते.

"गस्तीवरच्या जवानांना बर्फात ते विमान सापडलं," तो सावकाश म्हणाला. "रघुनाथराव त्यातच होते. गळ्यात त्यांच्या नावाची चकती होती. ते तेव्हाच गेले, आजी."

टॉवरवरून कुणाच्या तरी ड्रिलचा आवाज येत होता. इंदू जुडीचा दोरा बोटाला गुंडाळत राहिली.

"म्हंजी कुठं अडकून न्हाई पडले," ती म्हणाली. "कुणी डांबून न्हाई ठेवलं. दुसरा संसार बी न्हाई मांडला."

"नाही."

"मला वाटायचं कदी कदी." तिने दोरा सोडला. "आणता येतील?"

"आम्ही आणतो. तुम्ही सांगाल तिथे."

"मेथीच्या वाफ्याकडं आणा. जमीन अजून त्यांच्या नावावर हाय. ते येऊन जाऊद्यात, मग काय ते नाव काढा म्हणावं."

मग तिने पाण्याची भांडी त्यांच्या हातातच दिली. मुलगी घटाघटा प्यायली. इंदू माझ्याकडे वळली. "हिला शिकवून पाठवलंय. तुमी तवा दोन भाकरी हाणल्यात." आणि मग ती रडली, माझ्या खांद्यावर, बराच वेळ.

कुंकवाचा विषय मी काढला नाही. ते तिचं तिने ठरवायचं.

येताना पर्समध्ये मेथीची जुडी कोंबली होती, तिखटाच्या पुडीशेजारी. स्वारगेटपर्यंत वाटत राहिलं, ती माणसं लबाड निघायला हवी होती. लबाडांना मी हाकललं असतं, आणि इंदूचे मालक आणखी काही दिवस बेपत्ता राहिले असते.

घरी दार उघडताच सुनेने पाण्याचं भांडं पुढे केलं. "काय झालं, आई? फसवणारेच होते ना?"

घसा कोरडा पडला होता. भांडं मी बाजूला ठेवलं.

"बस," म्हटलं, "आधी सांगते."