शिलंगणाची वाकडी रेघ

थाटीपुरचे सूर्याजी मोहिते खोदाईवर असले की नवशिके आपला डबाही जपून उघडत. गेल्या मोसमात त्यांनी खड्ड्यात घरची फुटकी बशी पुरली, आणि दोन शिकाऊ संशोधक तीन तास तिच्यावरची धूळ ब्रशने झाडत बसले. बशीच्या पाठीवर कारखान्याचा ठप्पा निघाला, तेव्हा सूर्याजी झाडाखाली डोळे मिटून साधूसारखे बसले होते.

यंदा शहराबाहेरच्या टेकडीच्या माथ्यावर, गवताखाली वीतभर खोल, अश्मयुगातली दगडी पाती सापडली आणि सगळ्यांच्या माना सूर्याजींकडे वळल्या.

खोदाईची प्रमुख सीमंतिनी, जयेंद्रगंजातली मुलगी. तिने त्यांना बाजूला घेतलं. "काका, इथे नदी गाळ आणत नाही, वरून माती घसरायला याहून उंच जागा नाही. मला माहीत आहे, गांडुळं नि वाळवी खालची बारीक माती कणाकणानं वर आणतात आणि दगड हळूहळू खाली बसतात. पण तुम्ही इथे असताना उद्या पाहणीला येणारे साहेब हे मानतील? म्हणतील, काकांनीच पुरली. पुरावा नसेल तर तुमचं नाव यादीतून काढावं लागेल."

बावीस मोसमांची खोदाई सुटणार! मग दिवसभर घरी बायकोच्या, शांताताईंच्या नजरेखाली भाजी निवडणं. 

पुरावा त्यांच्याकडे होता. चौतीस वर्षांपूर्वीपर्यंत मोहल्ल्यातली मराठा घरं दसऱ्याला याच माथ्यावर शिलंगणाला येत. विटांच्या चुऱ्याची लालभडक रेघ आखायची. दोन मानाच्या घरांतले म्हातारे एका इशाऱ्यावर रेघेकडे निघायचे. ज्याचा पाय आधी रेघेपलीकडे, त्याच्या हाती पहिलं सोनं. पुढे ते बंद पडलं. रेघ तर कोणी उचलून नेली नव्हती, मग गेली कुठे?

सूर्याजींनी कान खाजवला. सांगायला अडचण एकच होती: शेजारी कुदळ धरून उभा असलेला, दुसऱ्या मानाच्या घरातला संग्रामसिंह. शेवटच्या शिलंगणात त्याचे आबा मोहित्यांकडून एका पावलाने हरले होते, आणि मोहित्यांनी ती गोष्ट आजतागायत लग्नामुंजीत सांगितली होती.

पण भाजी निवडणं डोळ्यांपुढे आलं. "इथे खणा," सूर्याजी म्हणाले.

चार बोटं खाली विटांच्या चुऱ्याचा थर लागला, पापडासारखा पातळ. वरची माती मऊ, रवाळ, कुठे खणल्याची खूण नाही.

"काका, कमाल!" सीमंतिनी गुडघ्यांवरच बसली. "कोणी पुरली असती तर वरची माती कापलेली दिसली असती! चौतीस वर्षांत चार बोटं. मग हजारो वर्षांची पाती गांडुळं पोचतात तिथवर, वीतभर खाली गेली, त्यात नवल काय?"

"चला, झालं तर. आता चहा घेऊ."

"छे! पूर्ण रेघ उघडायची."

"पूर्ण कशाला? एवढं बस आहे की."

"पूर्ण."

दुपारपर्यंत रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी पडली. अर्ध्यापर्यंत ती सुतासारखी सरळ होती. पुढे मात्र, मोहित्यांच्या बाजूला, म्हातारे जिथून निघायचे त्या दिशेला ती गुपचूप वळली होती. संग्रामसिंहाने पावलं मोजली. मग परत मोजली.

"सूर्या, त्या साली रेघ कोणी आखली रे?"

"अरे यार, इतकं कुठे आठवतंय? गांडुळांनीच ओढली असेल."

"गांडुळं माती वर आणतात, काका," सीमंतिनी वही उघडत म्हणाली. "अर्धी रेघ दीड हात बाजूला नेत नाहीत. आणि वाकडेपणाचं कारण लिहिलं नाही, तर साहेब म्हणतील की माती सरकली. मग पुरावाच गेला."

सूर्याजींनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.

"लिहा. आखतानाच वाकडी होती. आखणारा, सूर्याजी मोहिते."

"जरा जोरात बोल," संग्रामसिंह म्हणाला. "आमचे आबा वर आहेत, त्यांना लांब पडतं."