आई न मरणारी कादंबरी

बहीण गेली तेव्हा चाकूरला भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येक बाईने माझ्याकडे बघून एकच म्हण वापरली: ‘माय मरो, मावशी उरो.’ धीर द्यायलाच म्हणतात तसं. पण भाची समोर बसलेली असताना म्हणायचं आणि लगेच चहाच्या कपाकडे वळायचं, हे मला जरा घाईचं वाटलं. भाची रिकामे कप गोळा करायला उठली. तेराव्यानंतर ती लातूरला क्लासच्या वसतिगृहात परत गेली. फिजिक्स कुणासाठी थांबत नाही.

मी नांदेडला एका शाळेत मराठी शिकवते. ग्रंथालयाची किल्लीही माझ्याकडेच असते. त्यामुळे वयात येणाऱ्या मुलांनी कोणत्या कादंबऱ्या वाचाव्यात, हे सांगणं माझंच काम समजलं जातं. पालक विचारतात, “मॅडम, असं एखादं पुस्तक सांगा, वाचलं की पोरगं मोबाईल सोडून अभ्यासाला लागलं पाहिजे.” असं पुस्तक असतं तर आधी पालकांनाच दिलं असतं. तरी मी नावं सांगते. ते मान डोलावतात आणि दुकानातून गाईड घेऊन घरी जातात.

आई गेल्यापासून भाची फोनवर ‘हाव’ आणि ‘न्हाई’ एवढंच बोलायची. एका संध्याकाळी तिने आपण होऊन फोन केला.

“मावशी, एखादी कादंबरी पाठव. पण तिच्यात आई मरू नये.”

काम सोपं वाटलं. मी कपाटापुढे बसले. ज्या कादंबऱ्या मी वर्षानुवर्षं डोळे झाकून मुलांच्या हातात देत आले, त्या एकेक करून चाळल्या. आया फार पटापट मरतात. कुणी तापाने, कुणी पुरात, कुणी तर पहिल्या ओळीच्याही आधी. लेखकांचाही नाइलाज असावा. आई जिवंत असेल तर तेरा वर्षांच्या मुलीला एकटीला डोंगरावर कोण जाऊ देईल? ती डबा बांधून देईल, स्वेटर घाल म्हणेल, आणि कादंबरी उंबऱ्यातच संपेल. मावश्या मात्र उरतात. त्या एक तर छळतात, नाहीतर लाडू वळतात. मला लाडू जमत नाहीत.

शेवटी तळाच्या फळीवर एक सापडली. आई शेवटच्या पानापर्यंत ठणठणीत. ती पाठवून दिली.

नंतरच्या एका रविवारी मी लातूरला गेले. पिशवीत माझी स्वतःची आवडती कादंबरी होती. ती द्यायची नव्हती, तरी घेतली होती. वसतिगृहाच्या दारात रेक्टरबाईंनी पिशवी बघितली.

“हे अवांतर हाय का?”

“कादंबरी आहे.”

“म्हणजे अवांतरच की. नीटच्या परीक्षेला तर येत न्हाई.”

“कुठल्याच परीक्षेला येत नाही,” मी म्हटलं. त्यांना माझी दया आली असावी, आत सोडलं.

आवारातल्या बाकावर बसल्याबसल्या भाचीने पाठवलेलं पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

“घे बाई तुझी कादंबरी. ह्यातली आई सारखी शिकवूनच राहिली. उठलं की सुविचार, जेवताना सुविचार. असली आई असती तर मीच पळून गेले असते.” मग म्हणाली, “माझी कशी चांगली भांडायची.”

“माझ्याशीही,” मी म्हटलं. ती हसली. तिचा हात माझ्या पिशवीत गेलाच होता.

“ही कोणती?”

“ही नको. हिच्यात चौथ्या पानावर आई जाते.”

“एवढं जाड पुस्तक हाय. मग बाकीची पानं कशाची?”

“त्या मुलीची.”

तिने पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं. “मावशी हाय का हिच्यात?”

“नाही.”

“बरं झालं. उगं त्या म्हणीपायी उरावं लागलं असतं बिचारीला.”

म्हणजे ऐकलं होतं तिने सगळं. मी चष्मा पुसण्यात थोडा वेळ काढला. तोवर तिने चौथं पान उघडलं होतं.

“एवढं होईस्तोवर जाऊ नको,” ती मान वर न करता म्हणाली.

मी बसून राहिले. पान लहानच आहे, मला पाठ आहे. तिला ते संपवायला फार वेळ लागला.