भिंतीपलीकडची झील

रंगूनला जाऊन गाऊन आलेला माणूस म्हणून लोक अजून माझ्याकडं कौतुकानं बघतात. बघा बापडे! त्या गावाचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, हे त्यांना कुठं ठाऊक असतं.

तेव्हा आमच्यावर निजामाचं राज्य होतं. औंढ्याजवळच्या आमच्या गावात एक बुवा होते. दिवसा शेती करायचे आणि सांजच्याला पोरांना भजन शिकवायचे. आम्ही नऊ पोरं त्यांच्या तालमीतली. बुवांनी ओळ सोडायची आणि आम्ही मागून ती उचलून धरायची, तिला झील म्हणतात. माझा धाकटा भाऊ झील धरायचा तेव्हा बाया हातातलं काम टाकून उभ्या राहायच्या. इतका बारीक आणि इतका उंच आवाज मी पुन्हा ऐकला नाही. माझाही आवाज पातळ, बरा होता, पण टाळ वाजवताना मला दम धरवायचा नाही. ठोका दरवेळी आधीच पडायचा.

"काहून रे, तुही गाडी सुटून राहिली का?" बुवा खेकसायचे. पोरं हसायची, माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि पुढचा ठोका आणखीच आधी पडायचा.

शिवरात्रीच्या जत्रेत औंढ्याला एका माणसानं आमचं भजन ऐकलं. आमच्याच भागातला, पण रंगूनला लाकडाच्या वखारीवर मुकादम होता. म्हणाला, "तिकडं आपली मानसं लई हायेत, भजनाला तरसून राहिलीत. पोरं घेऊन या, जाण्यायेण्याचं आमी बघतो." बुवा हुरळले, त्यांच्यामागं गावही हुरळलं. माझी माय तेवढी आडवी आली. आम्हाला बाप नव्हता. "समिंदरापल्याड लेकरं नेता, अन् काही झालं म्हंजे?" ती म्हणाली. शेवटी बुवांनी नागनाथापुढं सगळ्या मायांच्या देखत बेलभंडार उचलला: जेवढी लेकरं नेतो तेवढी जिती परत आणतो. बेलभंडाराची शपथ घेतल्यावर कोण काय बोलणार? मायनं भावाचा हात माझ्या हातात दिला. "ह्याला सोडू नको," एवढंच मला म्हणाली. बुवांना मात्र वर एक बजावलं, की लेकराला टोचू देऊ नका, देवी कोपती.

बोटीवर चढायच्या आधी मद्रासला आम्हा सगळ्यांना देवीची लस टोचली. भाऊ भोकाड पसरून रडला. डॉक्टर पुढच्या पोराकडं वळताच बुवांनी ओल्या पंच्यानं भावाचा दंड खसाखसा पुसून काढला. मायचा शब्द पाळला हो त्यांनी! त्या पंच्याचा मला आजही संताप येतो.

बोटीत ओकून ओकून आमची आतडी पिळवटली. सोबत नेलेलं ज्वारीचं पीठ रंगूनला पोचेपर्यंत कडू पडलं. पण पहिल्या भजनाला माणूस मावत नव्हतं. मोठमोठे बाप्ये धोतराच्या सोग्यानं डोळे पुसत होते. भावाला तर लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं. बुवा दोन दिवस हसतच होते.

मग भावाला ताप भरला आणि तोंडावर पुरळ उठलं. आमच्याकडं त्याला आजार म्हणत नसत. देवी पाहुणी आली म्हणत. पाहुणीला औषध कोण देतं? मुकादमाच्या घरात आम्ही उतरलो होतो त्या खोलीचं दार बुवांनी लावून घेतलं, लिंबाचा पाला शोधून आणला, आणि आम्ही भावाभोवती बसून देवीची गाणी म्हणायला लागलो. मुकादमाला कळलं तेव्हा त्याची बोबडीच वळली. त्यानं सरकारी माणसांना बोलावलं. तोंडाला फडकी बांधलेली माणसं आली आणि भावाला झोळीत घालून घेऊन गेली. मी झोळीला लोंबकळलो होतो. एकानं माझी बोटं एकेक करून सोडवली.

गावाबाहेर एक दवाखाना होता आणि त्याला उंच भिंत. आत कुणाला सोडत नसत. आम्ही भिंतीशी उभं राहून हाका मारल्या. नुसते कावळे उडाले. मी भिंतीवर डोकं आपटायला लागलो. तेव्हा बुवांनी डोळे मिटून एक ओळ सोडली. आम्ही झील धरली, आणि थांबलो. भिंतीपलीकडून, अगदी बारीक, तीच ओळ परत आली.

आहे! जिता आहे!

रोज सकाळी आम्ही तिथं जायचो. ओळ सोडायची आणि श्वास धरून उभं राहायचं. कधी उत्तर लगेच यायचं, कधी इतका उशीर व्हायचा की बुवा तीच ओळ पुन्हा सोडायचे. आवाज दिवसेंदिवस खोल जात होता. देवा, आजच्या दिवस येऊ दे, यापलीकडं मी काही मागत नव्हतो.

मग मुकादम म्हणाला, पोरांना परत धाडा, आता कुणी भजनाला बोलवत नाही, आणखी एखाद्याला झालं तर काय करता? त्याचा एक नातेवाईक मायदेशी निघाला होता. त्याच्यासोबत आम्ही जायचं आणि बुवांनी एकट्यानं मागं राहायचं ठरलं. "त्याला सांगायचं न्हाई," बुवा म्हणाले. "तुमी गेले म्हंल्यावर लेकरू खचून जाईन." मी बुवांना चावलो. खरंच चावलो, मनगटाला. मला दोघांनी उचलून बोटीवर नेलं.

घरी मायनं मला विचारलं, "तू एकलाच कसा?" बुवा त्याच्यापाशी आहेत म्हणून सांगितलं. ती मला मारेल असं वाटलं होतं, पण तिनं भाकरी वाढली. त्यानंतर महिन्यांमागून महिने गेले. कागद नाही, पत्तर नाही. ती औंढ्याला जायची आणि बेलभंडार उचलला त्या जागी जाऊन बसायची. त्याच सुमारास माझा कंठ फुटला. आवाज फाटून पार घोगरा झाला. मला काय त्याचं! मी गाणं कधीच सोडलं होतं.

पेरणीच्या तोंडावर हिंगोलीहून आलेली एक बैलगाडी आमच्या दाराशी थांबली. आधी बुवा उतरले, केस पांढरेफटक. त्यांनी हात धरून भावाला उतरवलं. तोंडभर वण होते, आणि दोन्ही डोळे गेलेले.

"आनला, बाई. जिता आनला," बुवा म्हणाले आणि खालीच बसले. मायनं भावाला पोटाशी धरलं.

मी धावलो. "आलास का रे?"

तो दचकला. "ह्यो कोन व्हय?"

"आरं, मी. दादा तुहा."

"दादा मेला," तो म्हणाला. "दादा असा बोलत न्हाई."

"वाटभर सांगून राहिलो, की तुहा दादा घरी हाय," बुवा म्हणाले. "खरं मानतच न्हाई. म्हंतो, तुमी माही समजूत काढून राहिले."

मी त्याच्यापुढं गायला तोंड उघडलं. निघाली ती नुसती घरघर. तो मागं सरकला आणि बुवांना चाचपायला लागला. माझा भाऊ माझ्यासमोर उभा होता आणि मला परका समजून भीत होता! काय करू मी? बुवांच्या पिशवीतून टाळ बाहेर डोकावत होते. मी ते ओढून घेतले. बुवांना कळलं. त्यांनी बसल्या जागी, फाटक्या आवाजात, भिंतीपाशी म्हणायचो ती ओळ सोडली. मी टाळ धरले. ठोका पडला, आधीच पडला.

भाऊ जागच्या जागी थांबला. त्यानं हात पुढं केले, माझं तोंड चाचपलं, गळा चाचपला. माझ्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मला वाटलं, झालं, सापडलो एकमेकांना.

मग त्यानं हात काढून घेतले.

"जित्ता व्हतास?"

"व्हय रे."

"मंग भिंतीपाशी यायचं काहून सोडलंस? बुवा एकलेच गायचे. मी रोज तुहा आवाज हुडकून राहिलो व्हतो."