फ्रॉकची मागची बाजू

गल्लीत तिला सगळे टाचणीमावशी म्हणत. शिवताना ओठांत टाचण्यांची रांग, त्यामुळे तिचं निम्मं बोलणं हुंकारांवरच भागायचं. कपड्यांच्या दुकानाला जाहिरातीचे फोटो काढायचे असले की तिला स्टुडिओतून बोलावणं यायचं. तिथे ती काय करते हे घरात कुणी विचारलं नाही, तिनेही सांगितलं नाही. कामाचं काय मेलं कौतुक सांगायचं! इथेच बाई चुकली.

एकदा फोटो झाल्यावर त्यातला निळा फ्रॉक तिला मिळाला. माप नेमकं लेकीचं. मावशी हरखून घरी आली. लेकीने तो घातला, दुकानावरच्या मोठ्या फोटोशी स्वतःला ताडून पाहिलं आणि म्हणाली, "मला कंबरच नाहीये."

त्या दिवसापासून पोरीचं जेवण अर्ध्यावर आलं, मग चार घासांवर. समजावून झालं, रागावून झालं, स्वतःची शपथ घालून झाली. पंधरा दिवसांत पोरीची गालफडं बसली. मग एका सकाळी लेक आरशासमोर उभी राहून तो फ्रॉक पाठीमागे मुठीत आवळून धरताना दिसली, आणि मावशीने कपाळावर हात मारून घेतला.

"आज माझ्याबरोबर कामाला चल," ती म्हणाली.

स्टुडिओत तिने लेकीला मुद्दाम मागे उभं केलं. निळ्या फ्रॉकवाली तीच मॉडेल, आज पिवळ्या फ्रॉकमध्ये. पुढून अगदी फोटोतल्यासारखी. पाठीवर मात्र चौदा टाचण्या आणि कपडे वाळत घालायचे चार चिमटे.

"निळ्यालाही हे होतं?" लेकीने विचारलं.

"त्याला तर जास्तच," मॉडेलच म्हणाली. "बसता येत नाही की धड श्वास घेता येत नाही. ताई, काढा ना आता. सकाळपासून उपाशी आहे मी."

मावशीने चिमटे काढले, मग एकेक टाचणी काढून ती ओठांत धरू लागली. शेवटची निघाली तसा फ्रॉक सैल पडला, अगदी लेकीच्या अंगावर निळा पडायचा तसा.

"हिलाही कंबर नाही," लेक पुटपुटली आणि खुदकन हसली. मॉडेलही हसली.

"आई, डबा आणलायस ना? भूक लागलीय."

मावशीचं तोंड टाचण्यांनी भरलेलं. हो म्हणता येईना, रडताही येईना. तिने कोपरानेच पिशवी पुढे सरकवली. लेकीने आणि मॉडेलने मिळून डबा फस्त केला. मावशीचा जीव भांड्यात पडला, भांड्यात तिच्यासाठी मात्र काही उरलं नाही.